स्कूबी डूच्या आधी मराठी पोरांकडे फास्टर फेणे होता, पण त्याला जन्माला घालणारे भा. रा. भागवत कोण होते?

जुना पडका वाडा. मध्यरात्र. दाराची करकर. चार पोरं, एक भित्रा कुत्रा आणि त्यांच्या मागे लागलेलं भूत. पळापळ होते, सापळा लावला जातो, भूत पकडलं जातं आणि शेवटी त्याचा मुखवटा ओढून काढला की आतून निघतो एखादा लबाड माणूस.

नव्वदीत वाढलेल्या कुणालाही हे कार्टून वेगळं सांगायची गरज नाही. स्कूबी डू. त्याचा पहिला एपिसोड अमेरिकेत 13 सप्टेंबर 1969 ला लागला. त्यात एका म्युझियममध्ये चिलखत घातलेला काळा सरदार रात्रीचा चालत फिरतो अशी अफवा असते. पोरं माग काढतात, तेव्हा कळतं की चिलखतात म्युझियमचाच माणूस आहे आणि खऱ्या चित्रांच्या जागी नकली चित्रं लावायचा त्याचा धंदा चालू आहे.

भारतात कार्टून नेटवर्क आलं 1995 साली. त्यानंतर स्कूबी घराघरात पोहोचला.

पण मराठी पोरांना हा खेळ त्याच्या आधीपासून माहीत होता. त्यांच्याकडे व्हॅन नव्हती, सायकल होती. कुत्रा नव्हता, पण टाळूला जीभ लावून ट्टॉक असा आवाज काढणारा एक किडकिडीत पोरगा होता. बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे.

फास्टर फेणे सगळ्यांना माहितीये. सिरियल आली, पिक्चर आला. पण हा पोरगा ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या माणसाबद्दल विचारलं, तर बरेच जण नावाशीच थांबतात. ते नाव म्हणजे भा. रा. भागवत. भास्कर रामचंद्र भागवत.

धूमकेतूच्या वर्षी जन्म

भागवतांचा जन्म 31 मे 1910 चा, इंदूरचा.

इंदूर आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा ते होळकरांचं संस्थान होतं. राजघराणं मराठी, त्यामुळे मराठी कुटुंबं तिथे पिढ्यानपिढ्या राहायची. मराठी साहित्यात नाव काढणारी बरीच माणसं महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर जन्मली, त्यातलेच एक भागवत.

त्यांच्या जन्माचं साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1910 च्या मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आभाळात होता. पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं. त्या शेपटीत विषारी वायू आहे, ही बातमी पेपरात आली आणि जगभर लोकांची पाचावर धारण बसली. अमेरिकेत तर धूमकेतूच्या विषापासून वाचवणाऱ्या गोळ्या विकून काही जणांनी पैसे कमावले. 19 मेच्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीजवळून गेली आणि कुणाला काहीही झालं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत भागवत जन्मले. हा निव्वळ योगायोग. पण पुढे याच माणसाने ज्यूल व्हर्नची धूमकेतूवरची कादंबरी मराठीत आणली. तिचं नाव ठेवलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो, पृथ्वीचा एक तुकडा आणि त्यावरची माणसं सोबत घेऊन जातो आणि ती माणसं धूमकेतूवरच संसार मांडतात, अशी ती गोष्ट. आभाळातल्या ज्या गोष्टीला लोक घाबरत होते, तिच्यावर मुलांना चक्क मुक्कामाला पाठवायचं. भागवतांचा पिंड असाच होता.

तेव्हा मुलांनी वाचायचं काय?

भागवतांचं मोठेपण कळायचं असेल तर त्या काळातल्या पोरांपुढे वाचायला काय होतं ते बघावं लागतं.

मराठीत मुलांसाठी लेखन होत नव्हतं असं अजिबात नाही. वा. गो. आपटे यांनी 1906 साली 'आनंद' मासिक सुरू केलं होतं. साने गुरुजींची 'श्यामची आई' 1935 ची. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' घरोघरी लाडका होता. पण यातलं बरंचसं लेखन संस्कार, घर, शाळा आणि माया याभोवती फिरायचं. वाचून डोळ्यात पाणी यायचं, शहाणपण यायचं.

पण रात्री पांघरुणात बॅटरी लावून वाचावं असं काय?

त्यासाठी होते बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांची पात्रं आणि त्यांच्या रहस्यकथांचा आकडा हजाराच्या पुढे. पण ही पुस्तकं मोठ्यांसाठी होती. खून, दरोडे, मारामाऱ्या. घरात पोराच्या हातात अर्नाळकर दिसला की पाठीत धपाटा ठरलेला.

म्हणजे एका बाजूला घरच्यांना चालणारी पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला पोरांना हवी असणारी पुस्तकं. मध्ये मोठी पोकळी.

इंग्रजीत ही पोकळी तोवर भरलेली होती. एनिड ब्लायटन यांच्या फेमस फाइव्हचं पहिलं पुस्तक 1942 ला आलं होतं. चार पोरं, एक कुत्रा, सुट्टी आणि रहस्य. पण ते वाचायचं तर इंग्रजी यायला हवं आणि पुस्तक विकत घ्यायची ऐपत हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या पोराला हे दोन्ही जमण्यासारखं नव्हतं.

ही मधली जागा भागवतांनी घेतली.

'बालमित्र' नावाचा उद्योग

भागवत मूळचे पत्रकार. पत्रकाराच्या दोन सवयी त्यांच्या लेखनात कायम दिसतात. एक म्हणजे वाक्य छोटं आणि पळतं ठेवायचं. दुसरी म्हणजे ठिकाणाचं नाव खरं द्यायचं.

1951 साली त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' हे मासिक सुरू केलं. या कामात त्यांच्या सोबत होत्या पत्नी लीलावती भागवत. त्या स्वतः बालसाहित्यिक आणि आकाशवाणीवरच्या कार्यक्रमांमुळे ओळखल्या जाणाऱ्या. नवरा-बायको दोघंही पोरांसाठी लिहिणारे, असं ते घर होतं.

मुलांचं मासिक चालवणं तेव्हाही आतबट्ट्याचाच व्यवहार होता, आजही आहे. कारण साधं आहे. वाचणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. मासिक वाचतं पोरगं, वर्गणी भरतो बाप. पोराला रहस्य हवं असतं, बापाला वाटतं अभ्यासाला उपयोग व्हावा. शिवाय पोरगं चार-पाच वर्षांत मोठं होतं आणि वाचक हातचा जातो. म्हणजे संपादकाला दर काही वर्षांनी सगळा वाचकवर्ग नव्याने जमवावा लागतो. जाहिराती मिळणंही अवघड, कारण पोरांच्या खिशात पैसा नसतो.

'बालमित्र'ही काही वर्षांनी थांबलं. पण दर महिन्याला पोरांना धरून ठेवायचं असेल, तर गोष्ट कुठे तोडायची आणि पुढच्या अंकाची वाट कशी बघायला लावायची, ही विद्या संपादकाला शिकावीच लागते. फास्टर फेणेची प्रकरणं वाचताना हात पान उलटायला का शिवशिवतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

तुलनेसाठी एक गोष्ट. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी आजोबांनी काढलेलं 'संदेश' हे मुलांचं मासिक 1961 साली पुन्हा सुरू केलं आणि 1965 साली त्याच मासिकात फेलूदा हा गुप्तहेर जन्मला. आज फेलूदा देशभर माहीत आहे. मराठीत मुलांचं मासिक काढणं आणि मुलांसाठी रहस्य लिहिणं ही दोन्ही कामं भागवतांनीही केली. त्यांच्या मागे सत्यजित राय नावाचं वलय नव्हतं, एवढाच फरक.

व्हर्न मराठीत आला तो असा

ज्यूल व्हर्न हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच लेखक. विज्ञानावर आधारलेल्या साहसकथा लिहिणारा. माणूस चंद्रावर पोहोचला 1969 ला, व्हर्नने त्याला आपल्या कादंबरीत 1865 सालीच चंद्राकडे सोडलं होतं. तेही अमेरिकेतल्या फ्लोरिडातून. पुढे अपोलोची यानं खरोखर तिथूनच सुटली.

या व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणणाऱ्यांमध्ये भागवतांचं नाव सगळ्यात पुढे. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांनी आणलेली काही पुस्तकं. फक्त नावं बघा. एकही नाव शब्दाला शब्द ठेवून केलेलं नाही. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचा प्रवास म्हटलं तर भूगोलाचा धडा वाटतो. पाताळलोक म्हटलं की आजीच्या गोष्टीतलं दार उघडतं.

'समुद्र सैतान'मागे तर एक भारतीय धागाच आहे. समुद्राखालून पाणबुडी घेऊन फिरणारा कॅप्टन निमो कोण, याचं उत्तर व्हर्नने नंतरच्या एका कादंबरीत दिलं. निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र. 1857 च्या उठावात लढलेला, इंग्रजांनी ज्याचं सगळं हिरावून घेतलं असा. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पाणबुडीचा मालक मध्य भारतातला आणि त्याला मराठीत आणणारा माणूसही मध्य भारतात जन्मलेला.

भागवत एवढ्यावर थांबले नाहीत. लुईस कॅरोलच्या ॲलिसला त्यांनी मराठीत आणलं आणि तिचं नाव ठेवलं जाई. पुस्तकाचं नाव 'जाईची नवलकहाणी'. शेरलॉक होम्सलाही 'शाबास शेरलॉक होम्स' म्हणत पोरांच्या ओळखीचं केलं.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मोठ्यांसाठी भाषांतर करताना एखादा अवघड शब्द राहिला तर वाचक सांभाळून घेतो. पोरगं सांभाळून घेत नाही. ते पुस्तक बाजूला टाकतं आणि खेळायला जातं. त्यामुळे गोष्ट परक्या देशातली असली तरी बोलणं आपल्या गल्लीतलं लागतं.

फुरसुंगीचा पोरगा

एवढे परदेशी नायक मराठीत आणल्यावर प्रश्न उरतोच. आपला नायक कुठेय?

त्याचं उत्तर म्हणजे बनेश फेणे. राहणारा फुरसुंगीचा. शिकायला पुण्यात, विद्याभवन शाळेत. जिगरी दोस्त सुभाष देसाई. अंगाने काडी. पण डोकं आणि पाय दोन्ही पळणारे. म्हणून नाव पडलं फास्टर फेणे. वाचकांनी ते आणखी छोटं केलं, फाफे.

इथे फुरसुंगी हे नाव महत्त्वाचं आहे.

फुरसुंगी हे हडपसरच्या पलीकडचं खरंखुरं गाव. आज बातम्यांमध्ये ते नाव बहुतेक वेळा उरुळी देवाचीच्या जोडीने आणि कचरा डेपोच्या वादात येतं. पण त्या काळात ते पुण्याच्या बाहेरचं एक साधं खेडं होतं. भागवतांना आपला हिरो सदाशिव पेठेतला करता आला असता, दादर-गिरगावातला करता आला असता. त्यांनी तो खेड्यातून शहरात शिकायला आलेला पोरगा केला.

फेमस फाइव्हची पोरं सुट्टीत काकांच्या समुद्रकाठच्या घरी जातात आणि तिथे एका पोरीच्या मालकीचं आख्खं बेटच असतं. स्कूबीच्या टोळीकडे स्वतःची व्हॅन असते, पेट्रोलचे पैसे कोण देतं हा प्रश्न कधी येत नाही. फाफेकडे काय आहे? सायकल. ती पंक्चर होऊ शकते, चढावर दमवते आणि हवा भरली की पुन्हा पळते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या पोराला कळेल अशी ही गोष्ट.

फास्टर फेणेची जवळपास वीस पुस्तकं झाली. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'आगे बढो फास्टर फेणे', 'जंगलपटात फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत', 'गुलमर्गचे गूढ', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे', 'फास्टर फेणेची डिटेक्टिव्हगिरी'. सोबतीला राम वाईरकर यांची चित्रं. हे तेच वाईरकर ज्यांची चित्रं अमर चित्र कथेतून देशभरातल्या पोरांनी पाहिली.

या यादीकडे नीट बघितलं तर भागवतांचा हिशोब कळतो. पोरगा फुरसुंगीचा, पण फिरतो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत. ज्या वाचकाने तालुक्याचं गावही धड पाहिलं नाही, त्याला त्यांनी पुस्तकातून गुलमर्ग दाखवलं. आणि समोरचा शत्रू कोण, तर चोर. हाडामांसाचा माणूस. चुकणारा, मागे खुणा सोडणारा आणि म्हणून पकडता येणारा.

फास्टर फेणेशिवाय त्यांनी बिपिन बुकलवार हा आणखी एक पोरगा उभा केला. बुकं वाचण्याचं वेड असलेला. आडनावाची गंमत बघा. मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी 'वार'ने संपणारी आडनावं विदर्भात पावलोपावली भेटतात. भागवतांनी त्याच चालीवर बुकावरून आडनाव पाडलं, बुकलवार. वाचणाऱ्या पोराला घरात पुस्तकी किडा म्हणून हिणवलं जातं, त्याला त्यांनी थेट हिरो करून टाकलं.

या सगळ्याचा बुलढाण्याशी काय संबंध?

भागवतांच्या पुस्तकांचा खरा अर्थ समजायला महाराष्ट्रातलं एक ठिकाण फार उपयोगी आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार.

लोणारचं सरोवर म्हणजे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा, जवळपास गोल खड्डा आणि त्याच्या तळाशी खारट पाणी. हे कसं झालं? गावाचं जुनं उत्तर आहे लवणासुर. हा राक्षस इथे जमिनीखाली लपला होता, विष्णूने त्याला मारला आणि तिथे खड्डा पडला. गावातलं देखणं दैत्यसूदन मंदिर हीच कथा सांगतं.

1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या खड्ड्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं तज्ज्ञ वाद घालत राहिले. आजूबाजूचा सगळा दगड ज्वालामुखीचा, म्हणजे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं बऱ्याच जणांना वाटायचं. दिसायलाही ते पटण्यासारखं होतं.

मग 1973 साली कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. खड्ड्याच्या तळात खोल भोकं पाडून काढलेल्या दगडांमध्ये प्रचंड धक्क्याने काचेसारखी झालेली खनिजं सापडली होती. ज्वालामुखी असा धक्का देत नाही. आभाळातून आदळलेला दगड देतो. म्हणजे लोणारचा गुन्हेगार सापडला, तो उल्का निघाला.

2020 च्या जून महिन्यात याच सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि सोशल मीडियावर चमत्कारापासून कोपापर्यंत सगळं सुरू झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. उत्तर निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते वाढले आणि रंग बदलला.

आधी राक्षस, मग अंदाज, मग खुणा गोळा करणं आणि शेवटी मुखवटा उतरवणं. स्कूबी डूच्या एपिसोडचं आणि फास्टर फेणेच्या पुस्तकाचं गणित हेच. फरक इतकाच की लोणारमध्ये हा एपिसोड दीडशे वर्षं चालला.

आणि गंमत अशी की उत्तर कळल्यावर लोणार छोटं झालं नाही. राक्षसाची कथा देवळाच्या दगडात अजून सुंदर दिसते आणि आभाळातून दगड आदळला हे सत्य तिच्यापेक्षा कमी अद्भुत नाही. भागवतांच्या पुस्तकांनी पोरांना नेमकी हीच चटक लावली. गूढ उकललं म्हणून मजा संपत नाही, उकलण्यातच मजा असते.

मेहकर, चिखली, सिंदखेड राजासारख्या गावांत एकेकाळी पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या-पाठ्यपुस्तकांचं दुकान. गोष्टीचं पुस्तक मिळायचं ते वाचनालयात. 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. अशा वाचनालयांच्या कपाटातून आलेल्या पुस्तकाचं एक वैशिष्ट्य असतं. ते एकट्याचं नसतं. एका पोराने परत केलं की दुसरा घेतो. पहिलं पान फाटलेलं, कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर कुणाचं तरी नाव. शहरातल्या पोराने विकत घेतलेलं पुस्तक एक जण वाचतो, वाचनालयातलं पुस्तक गाव वाचतं.

पडद्यावर पोहोचला, पण नाव मागे राहिलं

1987 च्या सुमारास फास्टर फेणे दूरदर्शनवर आला. भूमिका केली होती सुमीत राघवन याने. पुढे हाच सुमीत हिंदी-मराठीतला मोठा नट झाला. एका पिढीसाठी फाफेचा चेहरा म्हणजे सुमीतचा चेहरा.

भागवतांचं निधन झालं 27 ऑक्टोबर 2001 ला. वय 91. हॅलेचा धूमकेतू 76 वर्षांनी फिरून येतो, त्यामुळे 1986 ला तो पुन्हा येऊन गेला तेव्हाही ते होते. एका आयुष्यात दोन फेऱ्या बघायला मिळणारी माणसं थोडी. शेंडेनक्षत्रावर मुक्काम ठोकायला लावणाऱ्या लेखकाला हा मान शोभतो.

त्यांच्या निधनानंतर 16 वर्षांनी, 2017 च्या ऑक्टोबरमध्ये 'फास्टर फेणे' सिनेमा आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखन क्षितिज पटवर्धन, निर्मात्यांमध्ये रितेश आणि जिनिलिया देशमुख. फाफे झाला होता अमेय वाघ. हा फाफे शाळकरी नव्हता, मोठा झाला होता. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेच्या घोटाळ्यात हात घालतो. खलनायक गिरीश कुलकर्णी.

पण या सिनेमातली सगळ्यात गोड गोष्ट वेगळीच होती. फाफे पुण्यात ज्यांच्याकडे राहतो त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव भा. रा. भागवत. भूमिका दिलीप प्रभावळकरांची. लेखकालाच त्याच्या पात्रासोबत गोष्टीत आणून बसवलं होतं. अनेक तरुण प्रेक्षकांनी भागवतांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, प्रभावळकरांच्या चेहऱ्याने.

मग भागवत मागे का राहिले?

याची कारणं शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

पहिलं म्हणजे बालसाहित्याला आपण साहित्य मानतच नाही. मराठी लेखकांची यादी करायला सांगा. कादंबरीकार येतील, नाटककार येतील, कवी येतील. मुलांसाठी लिहिणाऱ्यांचं नाव शेवटी येतं, आलं तर. जणू पोरांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांसाठी लिहिता न येणाऱ्यांचा उद्योग. खरं तर उलट आहे. आपण वाचक झालो ते दहाव्या-बाराव्या वर्षी हातात पडलेल्या पुस्तकामुळे. तो टप्पा चुकला तर पुढचे कादंबरीकार आणि कवी वाचायला माणूसच शिल्लक राहत नाही.

दुसरं कारण म्हणजे रूपांतर करणाऱ्याचं नाव कधीच मोठ्या अक्षरात छापलं जात नाही. व्हर्न मोठा, होम्स मोठा, ॲलिस मोठी. त्यांना मराठी बोलायला शिकवणारा माणूस कोपऱ्यात.

आणि तिसरं कारण खुद्द फाफे. पात्र इतकं जिवंत झालं की ते कुणीतरी लिहिलंय हेच लोक विसरले. शेरलॉक होम्सचं असंच झालं. लंडनमध्ये त्याच्या पत्त्यावर लोक खरोखरची पत्रं पाठवायचे. लेखकासाठी ही हार की जीत, ज्याने त्याने ठरवावं.

आज पोरांच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलवर रोज नवीन भूत आहे. कुठल्या घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, कुठल्या वाड्यातला सीसीटीव्ही, कुठल्या तळ्याचा चमत्कार. फॉरवर्ड करायला एक सेकंद लागतो. जाऊन बघायला, विचारायला, दोन गोष्टी पडताळायला वेळ लागतो. भागवतांचा किडकिडीत पोरगा दुसरं काहीच करत नव्हता. गोष्ट ऐकली की सायकल काढायचा आणि स्वतः बघायला जायचा.

फास्टर फेणेची पुस्तकं आजही बाजारात मिळतात. घरात आठ-दहा वर्षांचं पोरगं असेल आणि ते मराठी वाचायला कंटाळत असेल, तर एक प्रयोग करा. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे'चं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटून कामाला लागा. पुढचं ते स्वतःच वाचतं का, ते बघा.